एकाच घरात दोन उजवे कौल

गणपत गुरवाला व्यसन असं एकच होतं, आणि ते तंबाखूचं नव्हतं. दुसऱ्याच्या मनात काय शिजतंय हे कळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. त्यात पोटापाण्याचं कामही असं मिळालं की व्यसनाला बाहेर कुठं जायला नको. पावणाईच्या देवळात कौल लावायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं मोठ्यानं देवीच्या कानावर घालायचं आणि वाट बघत उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गावातलं कुणाचं लग्न, कुणाची बोअरवेल, कुणाचा भावाशी चाललेला दावा, सगळं आधी गणपतच्या कानावरून जायचं आणि मग देवीकडे. नारळ कोण ठेवतो, अर्धा कोण परत नेतो आणि प्रसाद म्हणून सबंधच कोण उचलतो, याचा हिशेब तो डोक्यात ठेवून असे. पण त्याहून जास्त त्याच्या लक्षात राहायचं, ते कोण काय विचारायचं टाळतो हे.

नियम एकच होता. एकाचा कौल दुसऱ्याला सांगायचा नाही. हा नियम गणपतनं कधी मोडला नव्हता. वाकवला मात्र पुष्कळदा होता, तोही घरी, बायकोसमोर.

त्या सोमवारी सत्यवान परब देवळात आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. कट्टा गावात खताचं दुकान चालवणारा माणूस सकाळी सकाळी इस्त्री घालतो तेव्हा मामला मोठा असतो, हे गणपतनं तिथंच जमेला धरलं. मामला काय असावा हेही त्याला ठाऊक होतं, कारण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. सत्यवानाच्या मुलीला, अनुजाला, पुढच्या शिक्षणासाठी परदेशातून दोन बोलावणी आली होती. एक लंडनच्या विद्यापीठाचं. त्याचं नाव असं, की कुडाळचे डॉक्टर ते ऐकून खुर्चीतून अर्धे उठले होते. ते अर्धं उठणं सत्यवानानं आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला युरियाच्या पोत्याबरोबर फुकट दिलं होतं. तिथली फी मात्र बँकेकडून काढायची होती आणि काजूची बाग तारण ठेवायची होती. दुसरं बोलावणं नॉर्वेतलं, पार उत्तरेकडचं. ते शिष्यवृत्ती देणार होते, शिकण्याचा, राहण्याचा, जेवण्याचा सगळा खर्च करणार होते. पण त्या विद्यापीठाचं नाव सत्यवानाच्या दातांत अडकायचं, आणि जे नाव आपल्यालाच घेता येत नाही ते गिऱ्हाइकाला काय सांगणार? शुक्रवारपर्यंत नॉर्वेला उत्तर द्यायचं होतं. नाही दिलं तर शिष्यवृत्ती पुढच्या नावाला जाणार होती.

"काय इचारू?" गणपतनं पाकळ्या भिजवत विचारलं.

"इचार, चेडवाक लंडनाक धाडू काय."

"आणि चेडू काय म्हणता?"

"ता काय म्हणतला? तुमीच ठरवा म्हणता. गुणी आसा माझा." सत्यवानानं शर्टाची कॉलर सरळ केली. "तू इचार रे, उगाच माझी उलटतपासणी नको."

गणपतनं गाऱ्हाणं घातलं. थोड्या वेळानं उजवी पाकळी टपकन खाली आली. सत्यवानानं देवीला साष्टांग घातला, इस्त्रीची पर्वा न करता, आणि नारळ सबंध ठेवून गेला. गणपतनं तेही जमेला धरलं.

बुधवारी लक्ष्मी आली. सत्यवानाची बायको. पुढच्या वाटेनं नाही, देवळामागच्या काजीतून, काजूच्या झाडांआडून, आणि नवरा दुकान उघडायला गेल्यावर.

"वयनी, आज हय खंय?"

"गजाली नंतर. तुमी आधी कौल लावा." तिनं पदराआडून नारळ काढला. "चेडवाक नॉर्वेक धाडू काय, ता इचारा."

गणपतचा हात तांब्यातच राहिला. सोमवारचा कौल जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, पण त्यानं जीभ आवरली. व्यसनाला मात्र आवर नव्हता. "खर्च ते करतले म्हणान?"

"खर्चाचा नाय हो." लक्ष्मी जरा तापलीच. "थंय एक बाई आसा, शिकवणारी. अनुजावांगडा फोनार बोलत होती, मी मागसून गेलंय, तर माका बघून हसली. माझा नाव इचारल्यान. लक्ष्मी म्हणूक येयना तिका, तरी दोनदा म्हणान बघल्यान. आणि त्या लंडनवाल्यांनी काय धाडल्यानी? पैसे भरूचो खात्याचो नंबर."

हे गणपतला पटलं. ज्या घरात पोरगी ठेवायची तिथल्या बाईनं आपलं नाव विचारावं, एवढा साधा हिशेब होता तो. त्यानं गाऱ्हाणं घातलं आणि पाषाणाकडे बघत राहिला. मनातल्या मनात तो देवीला म्हणत होता, बाये, आता तरी डावा दे, नाहीतर घोटाळा होईल. उजवी पाकळी पडली.

लक्ष्मी आली तशी काजीतून परत गेली. जाताना अर्धा नारळ घेऊन गेली, चटणीला.

दुपारी जेवताना गणपत आमटीत भात कालवत नुसताच बसून राहिला. सुशीलेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, थोडा वेळ वाट पाहिली. तिला सवय होती. नियम वाकायला थोडा वेळ लागतो.

"समज," गणपत म्हणाला, "एका घरातसून दोघां जणां इली. एकान इचारल्यान पूर्वेक जाव काय, देवीन व्हय म्हटल्यान. दुसऱ्यान इचारल्यान पश्चिमेक जाव काय, देवीन पुन्हा व्हय म्हटल्यान. आणि जावचा एकाच माणसाक."

"परबांकडची दोघांय येवन गेली मां?"

"मी कोणाचा नाव घेतलंय?"

"नाव घेवक कित्या होया? तुझ्या तोंडार पाटी लावलली आसा." सुशीलेनं त्याच्या ताटात माशाची तुकडी टाकली. "चुकला कोणाचा? देवीचा नाय. तिका जा इचारलात, ताच तिना सांगल्यान. बापाशीन आपला इचारल्यान, आवशीन आपला. पोरीचा कोणी इचारल्यान?"

"ताच तर कळना नाय!" गणपत एकदम म्हणाला, आणि आमटीचा भुरका मारायला विसरला. "सगळ्या गावाचा माका कळता. त्या चेडवाच्या मनात काय आसा ता कळना नाय."

"मगे जा, काढ बाहेर. नायतर रात्री झोपाचंस नाय, आणि माकाय झोपूक देवचंस नाय."

संध्याकाळी सुकती लागली, पाणी ओसरू लागलं, तसा गणपत खाडीवर गेला. काम काही नव्हतं, पण हातात टोपली होती, म्हणजे काम होतं असं दिसलं असतं. अनुजा गुडघाभर चिखलातून नुकतीच वर आली होती. तिसऱ्यांच्या शिंपल्या तिनं खडकावर मांडल्या होत्या आणि एक शिंपली खरखरीत दगडावर घासत बसली होती. घासून झालं की ती डोळ्याला छोटं भिंग लावी आणि शिंपलीची कड बघे.

"काय गो, खावची सोडून घासतंस कित्या?"

"काकानू, बघा." तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. "ह्यो रेघो दिसतत? तिसरी वाढता तशी रेघ पडता. पाणी गोड झाला की एक तऱ्हेची, खारट झाला की दुसऱ्या तऱ्हेची. खाडीत कायय झाला तरी शिंपलीर उमटता."

गणपतनं एक डोळा मिटून पाहिलं. रेघा होत्या खऱ्या, एकीला एक लागून, बायकांच्या तळव्यावर असतात तशा. त्याला वाटलं होतं तिचा हिशेब काढू, आणि ही बया शिंपल्यांचाच हिशेब वाचत बसली होती. तो मूळ मुद्द्यावर आला. "मगे, लंडन काय नॉर्वे?"

"काकानू, एक इचारू?" अनुजानं प्रश्न ऐकलाच नाही असं केलं. तिच्या बापाकडून आलेली ही कला होती. "कौलाच्या दोनय पाकळ्यो एकदमच पडल्यो तर?"

"परत लावच्यो."

"पडल्योच नाय तर?"

"रवाचा. देवी इचार करता."

"वारो इलो तर?"

"गाभाऱ्यात वारो खंयसून येतलो?" गणपत म्हणाला, पण त्याला मजा वाटू लागली होती. आजवर त्याला कौल काय आला हे सगळे विचारत, कौल कसा येतो हे कुणी विचारलं नव्हतं.

"आणि दोनांतसून एक निवडून देता काय देवी?"

"नाय. देवी निवडून देयना नाय. तू सांगाचा, काय करूचा आसा ता. ती व्हय नायतर नाय म्हणतली."

 अनुजानं शिंपली पाण्यात धुतली. "म्हणजे आधी सांगूक लागता."

"सांगूक लागता म्हणजे? मोठ्यान. माका सांगूक होया, मगे मी तिका सांगतंय."

"कठीण आसा हो," ती म्हणाली, आणि शिंपल्या पिशवीत भरून निघून गेली. गणपत रिकामी टोपली घेऊन घरी आला. त्या दिवसाच्या हिशेबात जमा काहीच नव्हतं, फक्त एक भिंग, तेही परत केलेलं.

गुरुवारी सकाळी देवळाची पायरी झाडत असतानाच त्याला आवाज आले. पुढच्या वाटेनं, उघड उघड, तिघंही येत होती. सत्यवान पुढे, शर्ट चुरगळलेला. लक्ष्मी त्याच्या मागे तोंड फिरवून. अनुजा सगळ्यांत मागे, जमिनीकडे बघत. रात्री जेवताना सत्यवानानं देवीचा होकार आहे म्हणून सांगितलं होतं, लक्ष्मीनंही माझ्याकडे आहे म्हणून सांगितलं होतं, आणि मग जेवण तसंच राहिलं होतं. हे गणपतला कुणी सांगावं लागलं नाही.

"गणपता!" सत्यवान खालूनच ओरडला. "एका घरात दोन उजवे कौल देतंस? नारळ मोजून कौल लावतंस काय रे?"

"माझ्यार कित्या येतंस? देवीक जा इचारलंस, ता मी इचारलंय."

"हिना इचारल्यान ता माका कित्या सांगूक नाय?"

"तू इचारलंस ता तिका सांगलंय काय?" गणपत म्हणाला. "उद्या तिका सांगलंय, परवा आणखी कोणाक सांगलंय, तर मगे देवळात कोण येतलो? चहाच्या टपरीर जातले सगळे."

लक्ष्मीला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. सत्यवानाला नाही आलं. "आता काय करूचा? उद्या शुक्रवार."

"आता," गणपत म्हणाला, आणि त्याचा आवाज स्वतःलाच नवा वाटला, "जाणारा माणूस इचारतला. तुमी दोघां मागे उभी रवा. आणि गाऱ्हाण्याची रीत ठावक आसा तुमका. दर वाक्याक व्हय म्हाराजा म्हणूचा. म्हटला नाय तर गाऱ्हाणा अर्धा रवता."

अनुजा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. गणपतनं पाकळ्या लावल्या, हात पुसले. "बोल. तू सांग, मी म्हणतंय."

 देवळात घासून ठेवलेल्या समईचा वास होता. मग तिनं बोलायला सुरुवात केली, हळू, आणि गणपत एकेक वाक्य उचलून गाऱ्हाण्याच्या चालीत मोठ्यानं देवीकडे पोचवू लागला.

"बाये पावणाये, लंडनाचा नाव मोठा आसा, ता ह्या चेडवाकय आवडता गो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सत्यवान खणखणीत म्हणाला.

"पण थंय शंभर जणां एका वर्गात, आणि खाडी पुस्तकातली. ह्या चेडवाक आपल्या खाडीचा शिकाचा आसा. तिसऱ्यो कित्या कमी झाल्यो, ता शिंपल्येच्या रेघेतसून वाचाचा आसा. ता वाचूक शिकवणारी बाई नॉर्वेत आसा गो म्हाराजा."

या वेळी लक्ष्मीचा आवाज मोठा होता. सत्यवानाचा तोंडातल्या तोंडात, पण आला. रीत होती.

"बापाशीन बाग तारण ठेवली तर ह्या चेडवाक रात्री अभ्यास होवचो नाय. बागेचाच दिसात रवतला गो म्हाराजा."

सत्यवान गप्प. गणपत मागे वळला नाही, नुसता थांबला. देवळात सगळे त्या एका माणसासाठी थांबले होते.

"व्हय म्हाराजा," सत्यवान शेवटी म्हणाला.

"आणि ह्या चेडवाक भीती पण आसा. थंय थंडीत दोन म्हयने सूर्य उगवना नाय गो म्हाराजा."

"व्ह..." लक्ष्मी अर्ध्यावर थांबली. "काय? सूर्य उगवना नाय म्हणजे काय गो? ह्या तू माका सांगूक नाय!"

"आये, गाऱ्हाणा चालू आसा."

"आसांदे चालू! दोन म्हयने काळोख? त्या बायेन माझा नाव इचारल्यान, ह्या कित्या सांगूक नाय?"

"वयनी, म्हणूचा आसा तर म्हणा," गणपत म्हणाला.

लक्ष्मीनं म्हटलं. पण जे म्हटलं त्यात होकार फारसा नव्हता, आणि देवीला ते कळलं असावं.

"तरी ह्या चेडवाक थंय जावशा वाटता. जाव काय गो म्हाराजा?"

वाक्य संपलं. सोमवारपासून गणपतला जे हवं होतं ते कळलं होतं. पण ते समाधान फार टिकलं नाही. पाषाणाच्या डाव्या अंगाची पाकळी सुटली, घसरली आणि खाली पडली.

 गणपतनं अनुजाच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. इतकी वर्षं लोकांची मनं वाचली, पण कुणाच्या तोंडावर इतकं स्वच्छ लिहिलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. वाचायला लाज वाटावी इतकं स्वच्छ.

"देवीन सांगल्यान," लक्ष्मी म्हणाली, सुटल्यासारखी. "काळोखात धाडू नको म्हणता ती. तिका आवशीचा मन कळता."

"गप गो!" सत्यवान मुलीच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "काळोख म्हणजे काय वाघ आसा? थंय माणसा रवनत नाय? दिवे नाय तेंच्याकडे?"

"तुमीच काल म्हणी होतात, त्या गावाचा नाव घेवक येना नाय!"

"शिकान घेयन! बारदानावरची इंग्लिश नावां घेतंय मां मी?" आणि तो गणपतकडे वळला. कालपर्यंत लंडन लंडन करणारा माणूस आता दोन्ही हात जोडून उभा होता. "गणपता, परत लाव."

"तोच प्रश्न परत इचारूक येना नाय. देवीन उत्तर दिल्यान."

"मगे दुसरो इचारतंय." सत्यवानानं घसा साफ केला. त्याला गाऱ्हाणं घालता येत नव्हतं, म्हणून तो दुकानात उधारी मागायला आलेल्या माणसाशी बोलावं तसं थेट देवीशी बोलला. "बाये, जाव काय म्हणान चेडवान इचारल्यान, तू नको म्हटलंस. बरा. आता मी इचारनय नाय, सांगतंय. चेडू जातला. आमी धाडतलों. थंय ता असताना तू राखण करतलंस काय, एवढाच सांग."

गणपतनं हे वाक्य आपल्या चालीत घातलं, एक शब्द न बदलता. मग नव्या पाकळ्या लावल्या. आणि व्हय म्हाराजासाठी थांबला.

सत्यवान म्हणाला. अनुजा म्हणाली, अगदी हळू. लक्ष्मी पाषाणाकडे बघत उभी राहिली. पाकळ्यांवरचं पाणी थेंबाथेंबानं खाली उतरत होतं.  मग ती म्हणाली, "राखण करूक होयी. आणि दिसाक एकदा फोन करूक लाव तिका, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गणपतच म्हणाला, कारण हे गाऱ्हाण्यात बसत नसलं तरी टाळण्यासारखं नव्हतं.

पाकळ्या काही केल्या पडेनात. सत्यवानाला उभं राहवेना. तो खांबाला टेकला, मग पायरीवर बसला, मग उठला, आणि शेवटी मुलीला म्हणाला, "त्या रेघेचा काय म्हणी होतंस? शिंपल्येतसून कळता, पाणी कधी गोड झाला ता?"

"व्हय बाबा."

"खताचा पण कळता? शेतातला खत खाडीत येता त्याचा?"

अनुजानं त्याच्याकडे पाहिलं. "कळत असतला. त्याच बायेक इचारूचा आसा माका."

सत्यवान खताचा व्यापारी होता. त्यानं मान हलवली, आणि पुढे काही विचारलं नाही. तेवढ्यात उजवी पाकळी पडली.

गणपतनं ती उचलून अनुजाच्या हातात दिली. देवळात फोनला रेंज नव्हती, म्हणून अनुजा पायऱ्या उतरून पलीकडच्या फणसाखाली गेली आणि अंगठ्यानं नॉर्वेला उत्तर भराभर लिहू लागली. सत्यवान तिच्या मागे गेला, थोडं अंतर ठेवून, फोनवर काय उमटतं ते बघायचं आहे पण बघत नाही असं दाखवत.

लक्ष्मी उंबऱ्याशीच राहिली. तिनं नारळ ठेवला, या वेळी सबंध.

"गणपतदादा, दोन म्हयने काळोख म्हणजे... थंय पोरां शाळेत कशी जातत हो? आणि कोंबो कधी आरवता?"

गणपतनं तोंड उघडलं. आजवर कुणी काही विचारलं आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं झालं नव्हतं. नसेल तिथं तो बनवून द्यायचा. पण कोंबड्याचं त्याला खरंच सुचेना, आणि जाणून घ्यायची इच्छा मात्र लक्ष्मीइतकीच त्यालाही झाली.

"माका काय ठावक?" तो म्हणाला. "तिकाच इचारूया." आणि त्यानं पायरीवर येऊन फणसाकडे हाक मारली, "गो अनुजा, तुझा झाला की हय ये गो वायच! आवस काय इचारता बघ!"